चित्रपटाचे तीन पाय



उन्हात आरसा धरून समोरच्या भिंतीवर कवडसा पाडण्याचा खेळ तुम्ही नक्कीच खेळला असाल. आता तो कवडसा एकाच जागी स्थिर ठेवण्याचा प्रयत्न करा पाहू! भिंत हातभर अंतरावर असेल तर हे जमते. पण भिंत वीस-पंचवीस पावलांवर असली की कवडसा सारखा थरथरत राहतो. आपला हात हलतो आहे हे तुम्हांला जाणवतही नाही, पण भिंत ते लपू देत नाही. मग तोच आरसा खिडकीच्या कट्ट्यावर विटेला टेकवून ठेवा. कवडसा निमूटपणे एका जागी बसतो.

चित्रपटाची गोष्ट अशीच आहे. आरशाच्या जागी कॅमेरा, भिंतीच्या जागी पडदा आणि विटेच्या जागी कॅमेऱ्याखालची तीन पायांची घोडी. छायाचित्रकार तिला ट्रायपॉड म्हणतात. आपण प्रयोगशाळेतला ओळखीचा शब्द वापरून तिला तिवई म्हणू. चित्रपटाच्या इतिहासात कॅमेऱ्याचे, नटांचे, दिग्दर्शकांचे गुणगान खूप झाले आहे. बिचाऱ्या तिवईकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. ती नसती तर सुरुवातीच्या काळातले चित्रपट पाहणेही अशक्य झाले असते. कसे, ते आज पाहू.

पडदा चूक लपवीत नाही

थोडे गणित करू. जुन्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर एका चित्राची रुंदी सुमारे २४ मिलिमीटर असे. हे चित्र ६ मीटर, म्हणजे ६००० मिलिमीटर रुंदीच्या पडद्यावर दाखविले, तर ते ६००० ÷ २४ = २५० पट मोठे होते. चित्राबरोबर चित्रातली चूकही २५० पट मोठी होते.

समजा, कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर आहे. तिवईच्या एका पायापासून समोरच्या दोन पायांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर १ मीटर आहे. चित्रीकरण चालू असताना तो एक पाय ओल्या मातीत फक्त २ मिलिमीटर रुतला. मग कॅमेरा किती कलेल? २ ÷ १००० = ०.००२ रेडियन, म्हणजे एका अंशाच्या आठव्या हिश्शाहूनही थोडा कमी. फिल्मवरची प्रतिमा ५० × ०.००२ = ०.१ मिलिमीटर सरकेल. ही सरक २५० पट मोठी होऊन पडद्यावर २५ मिलिमीटरची होईल! म्हणजे पडद्यावरची सारी सृष्टी, घरे, झाडे, माणसे, एकदम बोटभर उडी मारतील. कारण काय, तर दोन पैशांची नाणी एकावर एक ठेवावीत इतका एक पाय खाली गेला.

साध्या छायाचित्रातही कॅमेरा हलला तर चित्र अस्पष्ट येते. पण तिथे प्रश्न एकाच चित्राचा असतो. चित्रपटात प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे स्पष्ट आले, तरी ते आधीच्या चित्राच्या बरोबर जागी बसायला हवे. स्तब्ध असलेली इमारत एका चित्रात इथे आणि पुढच्या चित्रात केसभर तिथे आली, की पडद्यावर ती नाचू लागते.

हलका कॅमेरा, नवी अडचण

अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात बनलेला सुरुवातीचा चित्रपट-कॅमेरा विजेवर चालणारा आणि अतिशय जड होता. तो घेऊन बाहेर हिंडणे शक्य नव्हते. म्हणून १८९३ साली न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे त्याच्यासाठी एक काळी खोलीच बांधण्यात आली. तिचे छप्पर उघडत असे आणि सूर्य सरकेल तशी ती सबंध खोली गोल रुळावर फिरविता येत असे. कॅमेरा जागेवरच राही. नट, पहिलवान, नर्तक त्याच्यापुढे येत. इतके जड यंत्र आपल्या वजनानेच स्थिर राहते.

फ्रान्समधील लुमिए बंधूंनी १८९५ साली जो कॅमेरा पुढे आणला, तो सुमारे ५ किलोग्रॅम वजनाचा होता. त्याला वीज लागत नसे. हँडल फिरवून तो चालवायचा. हँडलच्या एका फेऱ्यात ८ चित्रे निघत, आणि सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ चित्रे घेण्याची पद्धत होती. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी तिकीट लावून पहिला खेळ केला आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांच्या चित्रांचा खेळ झालासुद्धा. कॅमेरा हलका, म्हणून लुमिएंची माणसे तो घेऊन देशोदेशी फिरू शकली. रस्ते, स्थानके, बंदरे, खरे जग पडद्यावर आले.

पण हलकेपणाची किंमत मोजावी लागली. जी वस्तू उचलायला सोपी, ती हलवायलाही सोपी. त्यात हाताने हँडल फिरवायचे! एका बाजूला एक माणूस सेकंदाला दोन वेळा हात गरगर फिरवतो आहे, आणि त्याच यंत्राने जराही हलू नये अशी अपेक्षा आहे. ही अपेक्षा तिवईने पुरी करायची होती.

आपल्याकडेही हीच कसरत चालली होती. सावे दादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांपुढे ठेवला. हे सारे हँडल फिरविण्याच्या युगातले काम आहे.

पाय तीनच का?

चार पायांचे टेबल खडबडीत जमिनीवर डुगडुगते आणि मग आपण एका पायाखाली कागदाची घडी सारतो. तीन पायांची तिवई कधीच डुगडुगत नाही. कारण भूमितीत आहे. एका सरळ रेषेत नसलेल्या कोणत्याही तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जाते. तीन पाय जमिनीला टेकले की ते प्रतल ठरले. चौथा पाय त्याच प्रतलात येईलच असे नाही. तीन दगडांची चूल मांडणाऱ्या आपल्या आज्यांना हे सिद्धांत न शिकताही ठाऊक होते.

परंतु न डुगडुगणे वेगळे आणि न उलटणे वेगळे. तिवईचे तीन पाय जमिनीवर एक त्रिकोण करतात. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा ह्या त्रिकोणाच्या आत आहे तोवर तिवई उभी राहते. तो त्रिकोणाच्या बाहेर गेला की ती कोसळते.

ह्यात एक गंमत आहे. समजा, पायांमधील अंतर १.२ मीटर आहे. ह्या समभुज त्रिकोणाच्या मध्यापासून प्रत्येक पाय सुमारे ७० सेंटिमीटर दूर असतो, पण प्रत्येक बाजू मात्र फक्त ३५ सेंटिमीटर दूर असते. म्हणजे दोन पायांच्या मधल्या बाजूकडे तिवई ढकलली तर ती लवकर उलटते. एखाद्या पायाच्या दिशेने ढकलली तर उशिरा. कॅमेरा व तिवई मिळून वजन २० किलोग्रॅम आणि आपण धक्का देतो ती जागा जमिनीपासून १.४ मीटर उंच आहे असे धरू. बाजूकडे उलटवायला लागणारा जोर २० × ०.३५ ÷ १.४ = ५ किलोग्रॅम वजनाइतका. पायाच्या दिशेने लागणारा जोर २० × ०.७० ÷ १.४ = १० किलोग्रॅम वजनाइतका, म्हणजे बरोबर दुप्पट!

म्हणूनच कसलेला कॅमेरामन एक पाय दृश्याच्या दिशेला, भिंगाच्या खाली पुढे काढतो आणि स्वतः मागच्या दोन पायांच्या मध्ये उभा राहतो. कॅमेऱ्याचा पुढचा भार पायावर पडतो आणि त्याला स्वतःला उभे राहायला मोकळी जागा मिळते. वारा जोराचा असेल तर तो तिवईच्या मधोमध दगडांची पिशवी टांगतो. पिशवीत १० किलोग्रॅम दगड असतील, तर उलटविण्यासाठी ५ ऐवजी ७.५ किलोग्रॅम वजनाइतका जोर लागतो. शिवाय भार खाली टांगल्याने गुरुत्वमध्यही खाली येतो. मात्र पिशवीची दोरी आखूड हवी. ती झुलू लागली तर उपायच अपाय होतो.

पाय फाकविले की पाया रुंद होतो, पण पाय बाहेर घसरण्याची ओढही वाढते. मातीत लोखंडी अणकुचीदार टोके रुतवून ही ओढ थांबविता येते. गुळगुळीत फरशीवर ती टोके काय करणार? तिथे तिन्ही पाय साखळीने एकमेकांना बांधतात किंवा पायांखाली लाकडी त्रिकोणी चौकट ठेवतात.

हँडलचा झोका

तिवई उलटली नाही म्हणजे काम झाले असे नव्हे. झोपाळ्याला योग्य वेळी लहानसा धक्का देत राहिले, तर झोका मोठा मोठा होत जातो हे तुम्ही अनुभवले आहे. प्रत्येक वस्तूची आंदोलनाची एक स्वाभाविक वारंवारता असते. बाहेरचे धक्के त्याच वारंवारतेने आले की आंदोलने वाढत जातात. ह्यालाच अनुस्पंदन म्हणतात.

हँडलच्या कॅमेऱ्यात दोन प्रकारचे धक्के असतात. हाताचे धक्के सेकंदाला दोन. आणि आतली नखासारखी यंत्रणा फिल्म ओढते, थांबवते, पुन्हा ओढते. ते धक्के सेकंदाला सोळा. कॅमेरा डोक्यावर घेतलेली तिवई लवचीक असेल आणि तिची स्वाभाविक वारंवारता ह्यांपैकी एखाद्याच्या जवळपास आली, तर तीच झोपाळा बनते!

ह्यावर उपाय दोन. पहिला, तिवई ताठ करणे. ताठरपणा वाढला की स्वाभाविक वारंवारता वाढते आणि धक्क्यांच्या वारंवारतेपासून दूर जाते. जुन्या तिवईचा पाय पाहिलात तर तो एकच काठी नसतो. वरच्या बाजूला फाकलेल्या दोन पट्ट्यांचा असतो. एका काठीला सहज पीळ बसतो, पण दोन पट्ट्यांचा असा चिमटा पीळ घेत नाही. दुसरा उपाय म्हणजे लाकूड. लोखंडी कांब ठोका, ती घणघणत राहते. लाकडी दांडा ठोका, ‘ठक्’ असा आवाज होऊन सारे शांत होते. लाकूड कंपनांची ऊर्जा लवकर गिळून टाकते. ह्या गुणाला अवमंदन म्हणतात.

राहिला कॅमेरामनचा हात. त्याने हँडलला वर-खाली न रेटता फक्त गोल फिरवायचे असे. एकसारखी गती राखण्यासाठी काही जण मनातल्या मनात कवायतीच्या गाण्याचा ठेका धरीत.

एकदाच येणारी मिरवणूक

आतापर्यंत आपण कॅमेरा मुळीच हलू नये म्हणून धडपडत होतो. पण दृश्यच चालू लागले तर?

२२ जून १८९७ रोजी लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाची मिरवणूक निघायची होती. घोडेस्वार, तोफा, बग्ग्या एकामागून एक जाणार होत्या. खिळवून ठेवलेल्या कॅमेऱ्यापुढून बग्गी क्षणात निघून जाईल. तिच्याबरोबर कॅमेरा हाताने वळवावा, तर गचके बसून चित्र फुकट जाईल. आणि मिरवणूक काही पुन्हा निघणार नव्हती. चूक झाली तर ती कायमची.

रॉबर्ट पॉल ह्या इंग्रज यंत्रकाराने त्या प्रसंगासाठी तिवईचे नवे डोके तयार केले. कॅमेरा एका उभ्या आसावर बसविला आणि तो आस मळसूत्र व दातेरी चाक ह्यांच्या जोडीने फिरेल अशी योजना केली. मळसूत्राला हँडल होते. मळसूत्राच्या एका फेऱ्यात दातेरी चाक फक्त एक दाता पुढे सरकते. समजा, चाकाला ६० दाते आहेत. मग हँडलच्या एका पूर्ण फेऱ्याने कॅमेरा ३६० ÷ ६० = ६ अंशच वळेल.

ह्याचा फायदा पाहा. कॅमेरा थेट हाताने वळविताना हात ६ अंशांनी अडखळला, तर फिल्मवरची प्रतिमा ५ मिलिमीटरहून अधिक उडेल. चित्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाइतकी! मळसूत्राचे हँडल तेवढेच अडखळले, तर कॅमेरा फक्त ०.१ अंश चुकेल. हाताची चूक साठाने भागली गेली. शिवाय मळसूत्र चाकाला फिरवू शकते, पण चाक मळसूत्राला सहसा फिरवू शकत नाही. म्हणून हात काढला की कॅमेरा आहे तिथेच थांबतो. वाऱ्याने फिरत नाही. पॉलने हे डोके पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, विक्रीला आणले.

पुढे कॅमेरा वर-खाली कलविण्यासाठीही तसेच दुसरे हँडल आले. आता फिल्मचे एक हँडल, वळविण्याचे दुसरे, कलविण्याचे तिसरे! निसर्गाने माणसाला दोनच हात दिले आहेत ही तक्रार कॅमेरामनने कोणाकडे करावी?

भोवरा आणि जाते

भोवरा फिरत असतो तोवर एका आरेवर उभा राहतो. वेगाने फिरणाऱ्या वस्तूला आपल्या आसाची दिशा बदलू द्यायची नसते. हा कोनीय संवेगाचा गुण आहे. पोलंडच्या काझिमिएश प्रुशिन्स्की ह्या संशोधकाने त्याचा उपयोग केला. १९१० साली त्याने ‘एरोस्कोप’ नावाच्या कॅमेऱ्याचे एकस्व इंग्लंडमध्ये घेतले. ह्या कॅमेऱ्यात आधी पंपाने हवा दाबून भरायची. ती हवा फिल्म चालवी. हँडल फिरविण्यातून हात सुटला. आत फिरणारा भोवरा, म्हणजे घूर्णदर्शी, कॅमेऱ्याची थरथर कमी करी. त्यामुळे तो हातात धरूनही चित्रण करता येऊ लागले. चेरी किअर्टन ह्या वन्यजीव-चित्रकाराने हा कॅमेरा वापरला.

कार्ल एकली ह्या अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञाने वेगळी वाट शोधली. १९१० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत नांदी जमातीचे लोक भाल्यांनी सिंहाची शिकार करीत, ती त्याला चित्रित करायची होती. पण अवजड कॅमेरा वळवून नेम धरीपर्यंत सारे संपून जाई. परत आल्यावर त्याने स्वतःच कॅमेरा बनविला आणि १९१५ साली त्याचे एकस्व मिळविले. तो चपटा आणि गोल होता, म्हणून लोक गमतीने त्याला धिरडे म्हणत. आपल्याला महत्त्वाचे आहे ते त्याच्या तिवईचे डोके.

जाते आठवा. ते सुरू करायला जोर लागतो, पण एकदा फिरू लागले की हात मध्येच ढिला पडला तरी गचका न घेता फिरत राहते. जडत्व गचके गिळून टाकते. मग कॅमेऱ्याला जात्याइतके जड करावे काय? तसे केले तर तो जंगलात कोण नेणार? एकलीने डोक्यात लहान चाके बसविली आणि दात्यांच्या साखळीने अशी जोडली, की कॅमेरा थोडा वळला तरी ती चाके पुष्कळ जास्त वेगाने फिरत. फिरणाऱ्या चाकाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चाक कॅमेऱ्याच्या १० पट वेगाने फिरविले, तर त्याला १०० पट ऊर्जा द्यावी लागते. म्हणजे हाताला ते चाक १०० पट जड लागते! वजन थोडे, जडत्व मोठे. एका दांड्याने कॅमेरा वळवितही येई आणि कलवितही येई, आणि तोही गचक्यांवाचून.

१९२१ साली एकलीने आफ्रिकेतील डोंगरी गोरिलांचे त्यांच्या रानात चित्रण केले, ते ह्याच कॅमेऱ्याने. रॉबर्ट फ्लाहर्टी ह्याने उत्तर कॅनडाच्या बर्फात ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा १९२२ सालचा प्रसिद्ध माहितीपट चित्रित केला, तोही एकली कॅमेऱ्यानेच.

पुढे काय झाले?

एक अडचण मात्र राहिली होती. घर्षणाने घट्ट केलेले डोके आधी हलत नाही आणि मग एकदम हलते. कारण स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असते. जुने दार करकरत, अडखळत उघडते ना, तसेच. १९४० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील एरिक मिलर ह्यांनी तिवईच्या डोक्यात दाट द्रव भरला. द्रवाचा विरोध वेगाबरोबर वाढतो आणि वेग शून्य असताना तो नसतोच. म्हणून सुरुवात अलगद होते. मधात चमचा फिरवून पाहा, म्हणजे पटेल. १९७० च्या दशकात गॅरेट ब्राऊन ह्यांनी ‘स्टेडिकॅम’ आणला. त्यात कॅमेरा चालत्या माणसाच्या अंगावर स्प्रिंगच्या हाताने तोलून धरलेला असतो. आज तर मोबाइल फोनमध्येही डोळ्यांना न दिसणारा घूर्ण-संवेदक असतो. तो हाताचा कंप मोजतो आणि त्या प्रमाणात भिंग किंवा चित्र उलट बाजूला सरकविले जाते.

साधने बदलली, पण नको ती हालचाल गाळायची आणि हवी ती ठेवायची हे काम तेच राहिले.

करून पाहा

तीन सारख्या, सुमारे एक मीटर लांबीच्या काठ्या घ्या. वरची टोके सुतळीने घट्ट बांधून तिकाटणे करा. पाय सरकू नयेत म्हणून ते खाली दोरीने एकमेकांना बांधा. वरच्या टोकाला तानकाटा अडकवून आडवा ओढा आणि तिकाटणे उलटू लागताच वाचन घ्या. आधी एका पायाच्या दिशेने ओढा, मग दोन पायांच्या मधल्या दिशेने. नंतर मध्यभागी दगडांची पिशवी टांगून हीच वाचने पुन्हा घ्या. वरच्या गणिताशी ती किती जुळतात?

आता माथ्यावर छोटा आरसा पक्का बांधून दूरच्या सावलीतल्या भिंतीवर कवडसा पाडा. (कवडसा कोणाच्याही डोळ्यांवर पाडू नका.) काठ्यांवर टिचकी मारा आणि कवडसा किती वेळ थरथरतो ते मोजा. पिशवी टांगून आणि काढून, पाय फाकवून आणि जवळ घेऊन हे मोजा.

विचार करा

१. वरच्या उदाहरणात ५० ऐवजी १०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग लावले, तर २ मिलिमीटर रुतलेल्या पायामुळे पडद्यावरचे चित्र किती सरकेल?

२. आरसा ०.००२ रेडियन कलला तर कवडशाची दिशा किती बदलेल? कॅमेऱ्यापेक्षा आरसा अधिक ‘चुगलखोर’ का?

३. उतारावर तिवई लावताना दोन पाय उताराच्या खालच्या बाजूला ठेवाल की वरच्या? ओळंबा सोडून उत्तर शोधा.

आणि पुढच्या वेळी एखादा शंभर वर्षांपूर्वीचा मूकपट पाहायला मिळाला, तर माणसांकडे पाहू नका. चित्राच्या कडेला एखादा खांब किंवा भिंतीचा कोपरा शोधा आणि त्याच्यावर नजर ठेवा. तो जागच्या जागी असेल, तर त्या दिवशी कोणीतरी तीन पाय नीट रोवले होते आणि हात नीट फिरवला होता, असे खुशाल समजा.